ठिपके आणि रेघा

आत्याची रांगोळी चुकली, तेव्हाच खरं तर कळायला हवं होतं. दिवाळीत तिनं उंबऱ्यापाशी ११ ठिपके, ११ ओळी काढल्या आणि रेघ ओढता ओढता तिची चिमूट थांबली. "मधली ओळ वाकलीय का गं?" ओळ सरळच होती.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या रक्तवाहिन्या वाढून पाझरताहेत. जिच्या जोरावर माणूस अक्षर वाचतो, चेहरा ओळखतो, ती मधली नजरच धोक्यात आहे. उपाय म्हणजे डोळ्यात इंजेक्शन, सुरुवातीचे तीन महिने दरमहा एक. उशीर झाला तर पडद्यावर व्रण धरतो आणि तिथली नजर परत येत नाही.

पहिल्या इंजेक्शनचा क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. आत्यानं ते लांब धरलं, जवळ आणलं, मान तिरकी करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. "तूच वाच." कारण एका ओळीचं होतं : रुग्ण २४ तास दाखल नव्हता. ती म्हणाली, "राहू दे गं. सत्तरी उलटली माझी. एका डोळ्यानं भागवीन." माझ्या पोटात तुटलं.

त्या रात्री पॉलिसीचं पुस्तक पहिल्यापासून वाचलं. विमा नियामकानं २०१९ मध्येच काही आधुनिक उपचार सरसकट वगळायला मनाई केली आहे. खर्चाला मर्यादा घालता येते, एवढंच. त्या यादीत डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. डॉक्टरांकडून लिहून घेतलं, की या उपचाराला दाखल व्हावं लागत नाही, मात्र तो लांबवला तर नजर जाते. सोबत पडद्याचे स्कॅन जोडले. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला अर्ज लिहिला. ३० दिवसांत दाद लागली नाही, तर पुण्यात विमा लोकपालांकडे जायचं ठरवलं. तिथं फी लागत नाही, आणि नकारानंतर वर्षभराची मुदत असते.

अर्जावर सही आत्याची हवी होती. तिनं पेन टेकवलं. सही रेघ सोडून खाली उतरत गेली. "दुसरी प्रत काढू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "दिसू दे त्यांना."

आजार अर्जाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दुसरं इंजेक्शन एफडी मोडून घेतलं. ३० दिवस संपायच्या आत कंपनीचं उत्तर आलं : पॉलिसीतल्या मर्यादेपर्यंत क्लेम मंजूर. मी वाचून दाखवलं. तिनं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

फ्रिजवर आता चौकटींचा एक तक्ता चिकटवलेला आहे. रोज सकाळी एक डोळा झाकून ती मधल्या टिंबाकडे बघते आणि रेघा कशा आहेत ते सांगते. अजून वाकतात, पण वाढलेलं काही नाही.

पाडव्याला तिनं रांगोळीचा डबा बाहेर काढला. ठिपके मी घातले. रेघा तिनं जोडल्या.