रित्या पिंपाचा गंध

गेल्या माघात आम्ही साताऱ्याहून सांगलीस पुतण्याकडे गेलो होतो. तासगावच्या द्राक्षबागा पाहून परतल्यावर त्याने संकोचत ‘अमृत’ व्हिस्कीची बाटली आमच्यापुढे ठेविली. बंगळुरूचे हे जवाचे मद्य 2004 साली प्रथम ग्लासगोत विक्रीस आले. पुतण्याजवळचा प्रकार मध्यंतरी काही काळ शेरीच्या, म्हणजे स्पेनच्या द्राक्षमद्याच्या, लाकडी पिंपांत मुरविलेला होता. आम्ही मद्यास कधी शिवलो नाही. केवळ वास घेतला. तो थेट बेदाण्याचा! पिंप रिते झाले, तरी लाकडाने द्राक्षाचा संस्कार राखला होता.

“काका, रागावलात?”

“वाईट वाटले खरे. पण तू लपविले नाहीस. तोच आपल्या घराचा गंध. तेवढा राख.”