तिसऱ्या वर्तुळातील दहा ठिपके

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती एका अणूची आकृती. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु वीसेक वर्षांपूर्वी विज्ञानाचे शिक्षक दीर्घ रजेवर गेले आणि नववीचा विज्ञानाचा तास काही आठवडे आमच्याकडे आला.

अणूची आकृती काढणे तसे अवघड नाही. मध्यभागी केंद्रकाचे लहान वर्तुळ काढून त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची संख्या लिहावयाची, भोवती समकेंद्री वर्तुळे काढावयाची आणि त्यांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके द्यावयाचे. अणुअंक जितका, तितकेच ठिपके. वसतिगृहातील सर्वांकडे कंपासपेटी नव्हती. मुलांनी औषधाच्या बाटलीचे झाकण, पेला, वाटी आणि ताटली वहीवर पालथी घालून चार वर्तुळे काढली. आतून बाहेर त्यांची नावे के, एल, एम आणि एन.

कॅल्शियमचा अणू आम्ही मुद्दाम निवडला होता. गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आले ते येथील चुनखडीमुळे, आणि चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. खडूत कॅल्शियम, तो धरणाऱ्या बोटांच्या हाडांतही कॅल्शियम. अणुअंक २०. कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून त्याची दुप्पट करावी, म्हणजे त्यात किती इलेक्ट्रॉन मावतात ते कळते, असा नियम आम्ही सांगितला : २, ८, १८, ३२.

चाचणीत माणिकगडच्या पहाडावरील एका गुड्यातून आलेल्या मुलाने २, ८, १० असे ठिपके दिले. पुस्तकात २, ८, ८, २ होते. आम्ही लाल शाईने फुली मारली. वही घेऊन तो टेबलाजवळ आला.

"सर, तुमीच त सांगतलं होतं, तिसऱ्यात अठरा मावते. मंग म्या दहा लेहले त चुकलं कसं?"

आम्ही निरुत्तर झालो. "पुस्तकात तसे आहे," एवढेच म्हणालो. तो मुकाट्याने जागेवर जाऊन बसला.

त्याच सकाळी परिपाठात आम्ही मुलांना कालाम सुत्त समजावून सांगितले होते. ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले, हे आमचेच शब्द. दुपारी एका मुलाने नेमके तेच केले आणि आम्ही त्याला पुस्तक दाखवून गप्प केले. त्या रात्री आम्हाला स्वस्थ झोप लागली नाही.

रविवारी एस.टी.ने चंद्रपूरला जाऊन रसायनशास्त्राच्या एका परिचित प्राध्यापकांना गाठले. त्यांनी समजावून दिले, की अठरा ही तिसऱ्या कवचाची धारकता आहे. भरण्याचा क्रम तेवढ्यावर ठरत नाही. कवचांत उपकवचे असतात. कॅल्शियमच्या बाबतीत तिसऱ्या कवचाच्या शेवटच्या उपकवचात जाण्यापेक्षा चौथ्याच्या पहिल्या उपकवचात जाण्यास कमी ऊर्जा लागते. म्हणून एकोणिसावा व विसावा इलेक्ट्रॉन चौथ्यात जातात. तिसऱ्यातील उरलेल्या दहा जागा भरण्यास स्कँडियमपासून, म्हणजे अणुअंक २१ पासून, सुरुवात होते.

सोमवारी आम्ही वर्गापुढे सांगितले, की नियम आम्ही अपुरा सांगितला होता आणि त्या अपुऱ्या नियमाने या मुलाचे गणित बरोबर होते. त्याच्या वहीतील फुलीखाली तसे लिहून सही केली. मग बाहेरच्या त्या दोन ठिपक्यांचे महत्त्व सांगितले. कॅल्शियम ते दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, म्हणून त्याची संयुजा दोन. त्यातूनच चुनखडीसारखी संयुगे बनतात.

त्यानंतर मात्र आम्ही आमच्या विषयाकडे वळलो. फळ्यावर आकृतीशेजारी सनावळी लिहिली. १९११ साली रदरफोर्डने केंद्रक मांडले. १९१३ साली नील्स बोरने इलेक्ट्रॉनना ठरावीक कक्षा दिल्या. १९२६ साली श्रोडिंगरचे समीकरण आले आणि इलेक्ट्रॉन अशा आखीव वर्तुळांत फिरतो ही कल्पनाच मागे पडली. आपली आकृती म्हणजे हिशेब कळावा म्हणून काढलेला नकाशा आहे. त्यात प्रमाणही खरे नाही. केंद्रक एक सेंटिमीटरचे काढले, तर संपूर्ण अणू सुमारे अर्धा किलोमीटर रुंद काढावा लागेल. तो विद्यालयाच्या आवारातही मावणार नाही. हे ऐकून वर्ग हसला. तो मुलगाही हसला, याचे आम्हाला समाधान वाटले.

आम्ही इतिहासात एम.ए. केले, साधने तपासल्यावाचून विधान करू नये, हे तेथे शिकलो होतो. ते वर्गात पाळावयास शिकविले ते या विद्यार्थ्याने. पुढे तो विज्ञान शाखेकडे गेला नाही, एस.टी.त वाहक झाला. गेल्या वर्षी राजुऱ्याहून येताना त्याच्याच गाडीत गाठ पडली. गाडी खचाखच भरलेली. आम्हाला पाहताच त्याने "जयभीम सर" म्हणत स्वतःची जागा दिली आणि हसून म्हणाला, "सर, मावते किती अन् बसते किती, हे आता मले पक्कं समजलं."

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमचे एवढेच सांगणे आहे : घरातील मूल आमचे चुकलेले घेऊन आले, तर त्याला गप्प करू नका, ते आमच्याकडे पाठवा.