तरक्यातली मोटार

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. बी.एड. एकाच वर्षी, एकाच कॉलेजातून केले. एकाचे विषय उर्दू आणि इतिहास, दुसऱ्याचे गणित आणि विज्ञान. लग्नानंतर पगार एकत्र झाला, मग हळूहळू मतेही एकत्र होत गेली. म्हणून या लेखात 'मी' कुठे येणार नाही. जे केले ते दोघांनी केले, आणि चुकले असेल तर तेही दोघांचे.

आमच्यापैकी एकालाही मोटार चालवता येत नाही. घरी एक स्कूटर आहे, तीही पावसाळ्यात रुसते. तरीही 2025 च्या उन्हाळी सुटीत एका बावन्न वर्षांच्या स्पोर्ट्स कारची वाजवी किंमत ठरवण्याचे काम आमच्या गळ्यात पडले, आणि तेही बर्मिंगहॅममध्ये.

आमची फुफू तिथे राहते. फुफा रत्नागिरीकडचेच. कोकणातली पुष्कळ मुसलमान माणसे जशी बोटीवर, आफ्रिकेत, आखातात आणि विलायतेत गेली, तसे तेही 1960 च्या दशकात गेले आणि बसच्या गॅरेजात फिटर झाले. आदल्या वर्षी ते वारले. फुफूने आम्हांला तिकीट पाठवून बोलावून घेतले. वाटले, एकटी पडली आहे, सोबत हवी असेल. सोबत हवी होतीच, पण दुसऱ्याच दिवशी तिने चावी पुढे ठेवली.

"बेटा, बाकी सगळं वाटून झालं. एवढं गॅरेजातलं तेवढं अडलंय."

गॅरेजात चादरीखाली फुफांची एम.जी.बी. उभी होती. 1973 ची, गडद हिरवी, दोन माणसांची, वर कापडी टप. आपल्याकडे 2019 पासून एम.जी.च्या नावाच्या मोठाल्या गाड्या दिसू लागल्या, पण ती कंपनी आता चिनी मालकीची आहे. मूळची एम.जी. म्हणजे ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. त्यांचा अॅबिंग्डनचा कारखाना 1980 मध्ये बंद झाला. एम.जी.बी. 1962 पासून त्या वर्षापर्यंत बनत होती, आणि सगळे प्रकार धरून पाच लाखांहून जास्त गाड्या तिथून निघाल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची दुर्मीळ मोटार नव्हे. कारकून, मास्तर, फिटर यांनी हौसेने घ्यावी अशी गाडी. फुफांनी ती 1986 मध्ये जुनीच घेतली होती.

फुफांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते की, आपला तरका शरीअतप्रमाणे वाटला जावा. वारस तिघे : फुफू, मुलगा आणि मुलगी. बायकोचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन वाटे आणि मुलीचा एक. पैशाची वाटणी सोपी असते. मोटार कापून वाटता येत नाही. भाईजानला ती स्वतःकडे ठेवायची होती. तेव्हा त्याने किंमत देऊन आईचा आणि बहिणीचा हिस्सा चुकवावा, यावर सगळे राजी होते. प्रश्न फक्त एवढाच होता की, किंमत कोणती?

भाईजान म्हणाला, "तीन हजार पौंड. भंगार आहे. अब्बांची म्हणून ठेवतोय."

आपा म्हणाली, "बारा हजार. मी जाहिराती बघितल्यात."

भाईजानची नोकरी चांगली आहे. आपा एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिचे घर मोडून बरीच वर्षे झाली. तीन हजारांवर तिच्या वाट्याला 875 पौंड येत होते, बारा हजारांवर 3,500. दोघेही खोटे बोलत नव्हते. एकाला गाडी ठेवायची होती म्हणून तिचे दोष दिसत होते, दुसरीला पैशांची गरज होती म्हणून तिचा रंग दिसत होता. फुफू म्हणाली, "तुम्ही मास्तर. रोज पोरांना मार्क देता. एवढे मार्क द्या आणि मला मोकळी करा."

आम्ही कामाला लागलो. पहिले तीन दिवस नुसते वाचण्यात गेले. पहिला धडा मिळाला तो हा, की जाहिरातीतली किंमत ही किंमत नसते, ती विकणाऱ्याची इच्छा असते. गाडी प्रत्यक्षात ज्या रकमेला गेली ती किंमत. लिलावातले आकडे म्हणून जास्त खरे, पण तिथेही बोलीवर खरेदीदाराला लिलाववाल्याचे कमिशन वेगळे भरावे लागते, ते धरायला हवे. आपाने पाहिलेले बारा हजार म्हणजे झगझगीत, नव्याने बांधून काढलेल्या गाड्यांवर लावलेली चिठ्ठी होती.

दुसरा धडा : खर्च वेगळा आणि किंमत वेगळी. फुफांची एक फुगलेली फाईल होती. टायर, कार्ब्युरेटर, नवा टप, प्रत्येकाची पावती लावलेली. बेरीज केली तर गाडीच्या कोणत्याही किमतीपेक्षा ती मोठी निघाली. पण गाडीवर घातलेला पैसा गाडीतून परत निघत नाही. मुलाच्या शिकवणीवर बापाने किती खर्च केला हे बघून आपण पेपरात मार्क देत नाही. फाईलीचा उपयोग निराळा. गाडी सांभाळणारा माणूस कसा होता, हे ती सांगते, आणि त्यासाठी गिऱ्हाईक थोडे जास्त मोजते.

तिसरा धडा प्रकार ओळखण्याचा. 1974 च्या शरद ऋतूपासून अमेरिकेच्या नियमांपायी या गाडीला काळे रबरी बंपर लागले आणि ती जमिनीपासून उंच झाली. शौकिनांना त्या आधीची, क्रोमच्या बंपरची हवी असते. आमची 1973 ची, म्हणजे इथे गुण मिळाले. चासी नंबरची सुरुवात जी.एच.एन. 5 अशी, म्हणजे कारखान्यातूनच उघड्या टपाची निघालेली. कायम छताची असती तर जी.एच.डी. असते. इंजिन 1798 सी.सी.चे. गिअरला ओव्हरड्राइव्ह जोडलेला, जो तेव्हा जादा पैसे देऊन घ्यावा लागे. त्याचेही गुण. तारांची चाके होती, पण ती ज्या दात्यांवर बसतात ते झिजले की गाडी हलताना खट्‌ असा आवाज येतो. तो येत होता. तिथे गुण कापले.

हे सगळे मांडून आम्ही नऊ हजारांवर आलो. आपाचा वाटा 2,625. आम्हांला बरे वाटले. दोघांच्या मधला आकडा, आणि तोही हिशेबाने आलेला.

आता फक्त खालून बघणे राहिले होते. त्यासाठी फुफूने फुफांच्या जुन्या सोबत्याला बोलावले. पंजाबी सरदारजी, वय ऐंशीच्या घरात, त्याच बस गॅरेजातले. आमचे त्यांच्याशी हिंदी-उर्दूत छान जमले. त्यांनी आम्हांला दाराखालचा भाग दाखवला.

"पुत्तर, या गाडीला वेगळी चासी नाही. पत्र्याची पेटी हीच हिची हाडं. वर छप्पर नाही, म्हणजे वरून आधार नाही. सगळा भार या दोन सिलांवर."

सिल म्हणजे दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पेटी. तीन पत्र्यांची असते : बाहेरचा, मधला आणि आतला. पाणी आणि रस्त्यावरचे मीठ आत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो. नीट दुरुस्ती करायची तर पुढच्या आणि मागच्या मडगार्डचा खालचा तुकडा कापून तिन्ही पत्रे बदलावे लागतात, नंतर रंग. पुढचे मडगार्ड आणि सिल जिथे मिळतात तिथे एक उभी सांध दिसली पाहिजे. आम्ही वाकून पाहिले. सांध नव्हती. पत्रा सलग गुळगुळीत होता. लोहचुंबक लावले तर काही ठिकाणी ते चिकटेना. खाली पुट्टी होती. दाराच्या फटीकडे पाहिले, वरच्या बाजूला ती आवळलेली होती. गाडी मधोमध किंचित वाकली होती.

सरदारजी गप्प होते. मग म्हणाले, "हे मीच केलंय. 1994 मध्ये. जुन्या सडक्या सिलवरून नवा पत्रा वेल्ड केला. तुझे फुफा म्हणाले, आत्ता एवढंच कर, पुढच्या वर्षी नीट करू. ते पुढचं वर्ष काही आलं नाही."

"नीट करायला किती लागतील?"

"दोन्ही बाजू, रंगासह, तीनेक हजार. उघडल्यावर जास्तही निघू शकतं."

त्या वेळी भाईजान कामावर होता, आपा शाळेत. सरदारजींनी हात पुसले आणि म्हणाले, "मी बोलणार नाही. घर तुमचं."

ती रात्र आम्ही जागून काढली. भाईजानने गाडीखाली कधी वाकून पाहिले नव्हते. नऊ हजार ऐकून त्याने थोडी कुरकुर केली असती आणि मान्य केले असते. त्याला तीन हजार पौंड म्हणजे काय? आपाला मात्र त्यातून 875 पौंडांचा फरक पडत होता. आपल्या पैशांत सुमारे लाख रुपये. आमच्यापैकी एकाने म्हटले, आपण कुणाला फसवत नाही, कमकुवत बाजूला थोडे झुकतो आहोत, एवढेच. दुसऱ्याला ते पटलेही. खरे सांगायचे तर मध्यरात्रीपर्यंत आम्ही न सांगण्याचेच ठरवले होते.

मग पेपर तपासणीची गोष्ट निघाली. काठावर अडकलेल्या मुलाला बोर्ड सवलतीचे गुण देते. ते दिल्याचे गुणपत्रिकेत दिसते. पण एखाद्या गरीब पोराच्या चुकीच्या उत्तरावर आपण बरोबरची खूण करीत नाही. केली, तर शेजारच्या बाकावरच्या पोराची बरोबरची खूणही खोटी पडते. माल विकताना त्याचा ऐब झाकू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आपण मात्र समजतो की, ते फक्त दुकानदाराला सांगितले आहे. मोल ठरवणाऱ्यालाही ते लागू आहे, मग ऐब झाकल्याने ज्याचा फायदा होतो तो कितीही गरजू असो. भावाने बहिणीला जास्त द्यावे असे आम्हांला वाटत असेल, तर ते त्याला तोंडावर सांगायला हवे. ती त्याची देणगी होईल. मोटारीच्या किमतीत लपवून आम्ही ती त्याच्या खिशातून काढली, तर तिला देणगी म्हणता येत नाही.

सकाळी आम्ही आधी फुफूला सांगितले. मरहूम नवऱ्याच्या कामाचा ऐब सांगताना आमची जीभ अडखळत होती. ती शांतपणे म्हणाली, "मला ठाऊक आहे. त्या वर्षी हिचं लग्न होतं. सिलचे पैसे त्यात गेले." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे ते त्यांचं कर्जच राहिलं ना, बेटा? वाटणीच्या आधी कर्ज फेडतात. वजा करा."

संध्याकाळी सगळे बसले. नऊ हजार कसे आले ते सांगितले आणि तीन हजार का गेले तेही. किंमत सहा हजार. फुफूचे 750, आपाचे 1,750, भाईजानचा वाटा 3,500. लग्नाची गोष्ट फुफूने स्वतः सांगितली. आपा आपल्या हातांकडे बघत राहिली. भाईजान म्हणाला, "सिलचं मला माहीतच नव्हतं." आम्ही त्याला सरळ सांगितले, "भाईजान, गाडीची किंमत एवढीच. पण तुम्हांला आपाला जास्त द्यायचं असेल तर कुणी अडवलेलं नाही." तो काही बोलला नाही. आठवड्यात त्याने बरोबर 750 आणि 1,750 चुकवले. वर एक पौंडही नाही. आम्हांला वाईट वाटले, आजही वाटते. पण ज्या आकड्यात त्याचा ऐब आणि तिचा ऐब दोन्ही सांगून झाले होते, तोच आकडा होता.

हिवाळ्यात त्याने गाडी उघडली. सिलच्या आतला आधाराचा पत्राही सडलेला निघाला. बिल 4,100 झाले. म्हणजे आमचा अंदाज अकराशेंनी चुकला, आणि तो आपाच्या बाजूने चुकला. आम्ही घाबरून फोन केला. भाईजान म्हणाला, "सौदा झाला. तुम्हांला जेवढं दिसलं तेवढं तुम्ही सांगितलंत. हिशेब पुन्हा उघडायचा नाही." त्या दिवशी त्याच्याबद्दलचे आमचे मत थोडे बदलले.

ईदला आपाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मोटारीचा विषय निघाला नाही. ठेवता ठेवता तिने विचारले, "तुम्ही तेव्हा सांगितलं नसतं तर चाललं असतं ना? कुणाला कळलं नसतं."

आम्ही "हो" म्हटले.

"बरं," ती म्हणाली. मग आमच्या मुलांचे पेपर कसे गेले ते विचारले.