माझी देण्याची वही

शास्त्रकारांनीं ब्राह्मणाच्या मस्तकीं जन्मतःच तीन ऋणें ठेविलीं आहेत : ऋषींचें, देवांचें व पितरांचें. तैत्तिरीय संहितेंतील हें वचन मीं लहानपणींच वडिलांच्या तोंडून ऐकिलें होतें. चौथें ऋण मात्र माझें स्वतःचें संपादन होय. तें जन्मानें आलें नाहीं, दारिद्र्यानें आलें नाहीं. दरमहा नियमित मिळणाऱ्या बऱ्यापैकीं पगाराच्या पाठीवर बसून तें घरांत आलें. ही हकीकत सांगण्यास आतां संकोच वाटत नाहीं. ज्या काळीं वाटत होता त्या काळींच ती घरांत सांगितली असती, तर पुष्कळ पैसे वांचले असते.

मी १९७४ सालीं मॅट्रिक झालों, अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि १९७७ पासून प्राथमिक शिक्षक म्हणून नोकरीस लागलों. तेव्हां आमचें खारेपाटण रत्नागिरी जिल्ह्यांत होतें. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं निराळा झाला. या गांवाला देण्याघेण्याची परंपरा मोठी आहे. शके ९३० मधील शिलाहार रट्टराजाचा जो ताम्रपट येथें सांपडला, त्यांत परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागें एक गद्याण सोनें देवस्थानास द्यावें, असें नमूद आहे. काय येणार आणि त्यांतून काय जाणार, हें हजार वर्षांपूर्वींचे लोक तांब्यावर कोरून ठेवीत. मीं तें माझ्या घरांत कागदावरसुद्धां लिहिलें नव्हतें.

पगाराचा मनुष्य हा कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीनें शेतकऱ्याहून शतपट सुरक्षित. सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा हिंदुस्थानांत १९०४ सालीं झाला, तो मुख्यतः शेतकऱ्यास सावकाराच्या तावडींतून सोडविण्यासाठीं. पुढें नोकरदारांच्याही पतपेढ्या निघाल्या, आणि महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यांतील एकोणपन्नासाव्या कलमानें, सभासदानें तसें लिहून दिलें असल्यास, हप्ता त्याच्या पगारांतून परस्पर कापून घेण्याची सोय झाली. सोय उत्तम आहे; हप्ता बुडत नाहीं म्हणून व्याजही माफक राहतें. परंतु जो पैसा हातांत येण्यापूर्वींच जातो, तो गेल्याचें दुःख होत नाहीं; आणि दुःख होत नाहीं म्हणून मनुष्य पुन्हां अर्ज करावयास कचरत नाहीं. शिवाय जामीन राहावयाचे ते बरोबरीचे शिक्षकच. आज त्यानें माझ्या कागदावर सही करावी, उद्यां मीं त्याच्या. अशा एका सहीपायीं दरमहा चारशें रुपये माझ्याच पगारांतून कापले जाऊं लागले. ते गृहस्थ आजही भेटले म्हणजे आग्रहानें चहा पाजतात, आणि मीही तो पितों. तेवढेंच वसूल होतें.

खरा घात केला तो पगारवाढीच्या बातमीनें. पांचव्या वेतन आयोगाच्या श्रेणी १ जानेवारी १९९६ पासून लागू होणार, थकबाकी मिळणार, अशी वार्ता आली. आणि पगार वाढण्याच्या आधींच माझा खर्च वाढला. घरावरचीं कौलें उतरवून स्लॅब घातला. बहिणीचें लग्न ऋण काढूनच झालें होतें. तें फिटतें न फिटतें तों पतपेढीचें नवें कर्ज घेतलें. १९९८ सालीं आईची शस्त्रक्रिया कोल्हापुरास करावी लागली, तेव्हां एका खाजगी सावकाराकडून दरमहा शेंकडा तीन दरानें चाळीस हजार उचलले. दुसऱ्या वर्षीं स्लॅबचें काम अडलें, म्हणून पत्नीच्या पाटल्या व गोठ, मिळून सहा तोळे, गहाण पडले.

शूद्रकाच्या मृच्छकटिकांत दुसऱ्या अंकीं एक संवाहक आहे. द्यूतांत दहा सुवर्णांचा देणेकरी होऊन तो पळतो, पाठलाग चुकविण्यासाठीं उलट्या पावलांनीं एका ओसाड देवळांत शिरतो आणि मूर्तीच्या जागीं स्वतःच देव होऊन उभा राहतो. मागून येणारे त्याला हलवून पाहतात. तो हलत नाहीं. मग ते त्याच्या पुढ्यांतच फासे खेळूं लागतात आणि तो आवाज ऐकून देव बोलूं लागतो! वडिलांपाशीं नाटक वाचतांना या प्रवेशास मी फार हंसलों होतों. चाळिशी उलटल्यावर मीच तो संवाहक झालों. बाजारांत उधारी झाली होती, म्हणून शाळेंतून येतांना बाजाराची वाट सोडून मी मागच्या पाणंदीनें घरीं येऊं लागलों. पावसाळ्यांत शुकनदीचें पाणी आमच्या बाजारांत शिरतें, तेव्हां दुकानदार मालाच्या आधीं उधारीची वही वर नेऊन ठेवतो. एके वर्षीं तें पाहतांना, ही वही तेवढी भिजेल तर बरें, असा विचार माझ्या मनांत आला. वर्गांत मुलांना सुभाषितें सांगणाऱ्या मनुष्याच्या मनांत! आणि शाळेंत, सभेंत, लग्नकार्यांत मी ‘गुरुजी’ म्हणून मूर्तीसारखा निश्चल उभाच होतों.

मूर्तीला बोलतें केलें तें सातवींतल्या एका मुलानें. २००१ च्या दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली होती. सरळ व्याजाचीं उदाहरणें चाललीं होतीं. फळ्यावर मुद्दल, दर, मुदत लिहून झालें होतें. मागल्या बांकावरून प्रश्न आला, “गुरुजी, तेणां मुद्दल दिल्यानच नाय, नुसतां व्याजच देत रवलो, तर ह्यां गणित संपतलां कधी?”

मुलें हंसलीं. मी खडू हातांत धरून उभा राहिलों. दरमहा बाराशेंप्रमाणें छत्तीस महिन्यांत मीं सावकारास त्रेचाळीस हजार दोनशें रुपये दिले होते, आणि मुद्दल चाळीस हजार जसेंच्या तसें होतें. आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम आहे. इंग्रजी अमदानींत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनींही तो हिंदु ऋणकोंना लागू केला. परंतु तो एका वेळीं थकलेल्या व्याजापुरता. दर महिन्यास इमानानें व्याज नेऊन देणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा काडीचाही आधार नाहीं. मनूनें वसिष्ठाच्या मतानें सांगितलेला दर शंभरास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे सालीना शेंकडा पंधरा. आमच्या पतपेढीचा चौदा होता. सावकाराचा छत्तीस. हें सारें मला ठाऊक होतें, हीच खरी लाजेची गोष्ट.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर दोनशें पानी कोरी वही घेतली आणि पत्नीला म्हटलें, “बैस. आज मी सांगतों तें लिही.” हिशेब माझ्या हातानें मीं लिहावयाचा नाहीं, एवढें शहाणपण कसें सुचलें कोण जाणे. माझी लेखणी माझ्याशीं फार सौजन्यानें वागत आली होती. पतपेढी नव्वद हजार, घराचें बँकेचें कर्ज साठ, भविष्यनिर्वाह निधीची उचल वीस, सोन्यावरचे पंधरा, सावकार चाळीस, उसनवारी आठ, बाजारची उधारी सात. बेरीज दोन लक्ष चाळीस हजार. माझा एकूण पगार तेव्हां आठ हजार नऊशें; म्हणजे सत्तावीस महिने अन्नपाणी वर्ज्य करून काम केलें असतें तर मी निष्कांचन होऊन मोकळा झालों असतों.

लिहितांना आणखी एक गोष्ट उघडी पडली. प्रत्येक कर्जाला मीं एक थोर नांव देऊन ठेविलें होतें. “हे आईच्या औषधाचे चाळीस,” असें म्हणतांच तिनें विचारलें, “कोल्हापुरास किती लागले?” जुनीं बिलें काढलीं. बावीस हजार. बाकीचे अठरा हजार आईच्या नांवानें आले आणि रंगीत टीव्ही, पाहुण्यांची सरबराई, थकलेले हप्ते यांत विरून गेले. आईच्या आजाराच्या आड मी इतकीं वर्षें लपलों होतों.

पत्नी रागावली नाहीं. ती म्हणाली, “तुम्ही बाजारांतून येत नाहीं, हें मला दोन वर्षांपूर्वींच कळलं होतं. म्हटलं, सांगाल कधीतरी.” मग थोड्या वेळानें, “तें सोनं विकून टाका. सोडवून आणायला पंधरा हजार तुमच्याकडे कधी जमणार? उरेल तें त्या तीन टक्क्यांच्या तोंडात घाला.”

मीं शास्त्र सांगूं लागलों. स्त्रीधन पतीनें कोणत्या प्रसंगीं घेतलें असतां परत देण्यास तो बांधील नाहीं, हें याज्ञवल्क्यानें सांगितलें आहे : दुष्काळ, धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास. माझा स्लॅब या चौघांत कोठेंच बसत नव्हता. “मग लिहा तेंही देणं,” ती म्हणाली, आणि वहीच्या शेवटच्या पानावर तिनेंच लिहिलें : सौ.चे देणें, सोनें तोळे सहा. रुपये लिहिले नाहींत. याचें महत्त्व मला फार पुढें समजलें.

सोन्याचा भाव त्या सुमारास दहा ग्रॅमला चार हजार तीनशेंच्या घरांत होता. गहाणाची रक्कम, व्याज व सोनाराची घट वजा जातां दहा हजार उरले. ते सावकारास दिल्यावर मुद्दल तीस हजारांवर आलें. त्यानंतर अंदाजपत्रक. पगारांतून कापून जाऊन हातांत चार हजार येत. त्यांतील सोळाशें पहिल्याच दिवशीं सावकारास. किराणा नऊशें, तोही रोखीनें, दूध दोनशें चाळीस, वीज व रॉकेल एकशें साठ, मुलांच्या शिक्षणास चारशें, औषधास दीडशें, उसनवारी व जुनी उधारी मिळून तीनशें. राहिले अडीचशें, त्यांना पत्नीनें ‘अकल्पित’ असें नांव दिलें. पूर्वीं मी आधीं खर्च करी आणि उरेल तें देण्यास ठेवी. उरत कांहींच नसे. आतां क्रम उलटला एवढेंच. महागाई भत्ता वाढला कीं निम्मी वाढ देण्याकडे जाई.

किराणा रोखीनें घेऊं लागलों आणि एक मौज झाली : खर्च पांचव्या हिश्शानें आपोआप उतरला. वहीवर साखर दोन किलो सहज लिहिली जाते. खिशांतून नोट काढतांना दीड पुरते. मी पुन्हां बाजाराच्या वाटेनें येऊं लागलों. दुकानदारानें शंभराचा पहिला हप्ता घेतला तेव्हां कांहीं बोलला नाहीं. पण मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवली.

सर्वांत जड गेलें तें मुंबईच्या दादांना पत्र लिहिणें. गणपति आमच्याकडे पांच दिवस. चाकरमानी मंडळी धरून वीस पानें उठत, आणि घरचा धाकटा गुरुजी सर्व यथासांग करतो ही ख्याति. दिवस कमी करावेत हें मनास पटेना. शेवटीं २००२ च्या श्रावणांत लिहिलें कीं, यंदां शिधा वांटून घ्यावा. दादा आले ते तांदुळाचें पोतें आणि तेलाचा डबा घेऊन. ओटीवर तें उतरवीत म्हणाले, “एवढं लिहायला तुला इतकीं वर्षं लागलीं? आम्ही समजत होतों तूं आम्हांला द्यायला देत नाहींस.”

सावकाराचें मुद्दल फिटावयास बरोबर अठ्ठावीस महिने लागले. २००४ च्या मार्चांत त्याच्याकडून चिठ्ठी फाडून घेतली. तेच सोळाशें मग उसनवारीकडे, तेथून पतपेढीकडे वळविले. ती २००५ च्या अखेरीस आणि बँक २००६ च्या पावसाळ्यांत मोकळी झाली. पुढें सहाव्या वेतन आयोगाची बातमी आली तेव्हां शाळाशाळांतून पुन्हां तीच गणितें सुरू झालीं. मीं थकबाकी हातांत पडेपर्यंत तिचें नांव घरांत काढूं दिलें नाहीं.

परंतु वहींत न मावलेलें एक देणें आहे. थोरला मुलगा २००२ सालीं बारावी झाला. त्याला अभियांत्रिकीकडे जावयाचें होतें आणि गुणही त्या जोगे होते. खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठीं आणखी एक कर्ज मिळालें असतें. मीं काढलें नाहीं. तो कणकवलीस विज्ञानशाखेंत गेला. आज त्याचें बरें चाललें आहे, त्यानें कधीं शब्दही उच्चारला नाहीं. तरी स्लॅबखालीं निजतांना मला तो हिशेब आठवतो. आतां तर पतपेढीची पायरीसुद्धां चढावी लागत नाहीं. माझ्या हातांखालून गेलेले तरुण शिक्षक मोबाईलवर बोट ठेवून कर्ज काढतात, आणि क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर पुष्कळदां माझ्या सावकाराहूनही चढा दर देतात. त्यांतले एकदोघे संध्याकाळीं आले म्हणजे मी उपदेश करीत नाहीं. कोरी वही देतों आणि सांगतों, हिला घरीं दुसऱ्या कोणाच्या तरी हातानें लिहव.

राहिली शेवटच्या पानावरची ओळ. २०१६ सालीं निवृत्त झालों, उपदान मिळालें, तेव्हां सोनें दहा ग्रॅमला तीस हजारांच्या आसपास होतें. सहा तोळे घेऊं म्हटलें तर पत्नीनें दोनच घेऊं दिले. बाकीच्या पैशांत माझें मोतीबिंदूचें काम आणि विहिरीचा पंप झाला. २०२५ सालीं तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेला. पूर्वीं गेलेले सहा तोळे ज्या रकमेस विकले, तिच्यांत आतां पाव तोळाही येत नाहीं. रुपयांत लिहिलें असतें तर मी केव्हांच अनृणी झालों असतों, असें मीं एकदां हंसत म्हटलें आणि ती ओळ खोडावयास लेखणी मागितली.

“राहूं दे,” ती म्हणाली. “सहाचे चार करा फक्त.”

तेवढी दुरुस्ती मीं केली आहे.