मुदतीची शिक्षा

पोळ्याच्या सुमारास पांढुर्ण्याहून माझा भाचा सौंसरला आला, तो मान खाली घालूनच. आपल्याच संघाच्या हॉकी सामन्यावर त्याने पैज लावली होती. संघाने त्याला कायमचे दूर केले.

"मामा, हा न्यायालयात टिकेल असा गुन्हा आहे का?" त्याने विचारले.

वकिलाला प्रश्न सोपा होता. मामाला जड गेला.

२०१३ च्या आयपीएल प्रकरणात श्रीशांत व मुंबईचा अंकित चव्हाण २०१५ साली न्यायालयातून आरोपमुक्त झाले. क्रिकेट मंडळाची आजन्म बंदी मात्र उठली नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतचा दोष कायम ठेवून शिक्षेचा फेरविचार करावयास सांगितले. पुढे दोघांचीही बंदी सात वर्षांवर आली. अमेरिका-कॅनडातील आइस हॉकी लीगने २०२३ साली शेन पिंटोस ४१ सामन्यांपुरते निलंबित केले; लीगच्या सामन्यांवर त्याने पैज लावल्याचा पुरावा तर मिळालाच नव्हता. न्यायालय पुरावा मागते. खेळ विश्वास मागतो.

परंतु नळराजाने द्यूतात राज्य घालविले, तरी विदर्भकन्या दमयंतीची कथा वनवासात संपत नाही.

मी भाच्यासह संघाच्या वडीलधाऱ्यांकडे गेलो. "चुकलो," तो स्वतःच म्हणाला. मी एवढेच विनविले, "शिक्षेला मुदत असावी."

एक हंगाम ठरला. हल्ली तो मैदानाच्या रेषेबाहेर बसून सामने पाहतो. पैज न लावता.