कमानपाटे

डहाणूच्या चिकूवाडीतील करंड्या वाहून आमच्या प्रीमियर पद्मिनीची मागची बाजू खचली होती. सिट्रोएनची १९५५ सालची ‘डीएस’ तेल आणि वायू यांच्या दाबावर, ओझे वाढले तरी आपली उंची आपणच राखीत असे. आमच्या गाडीला मागे पोलादी कमानपाटे. ओझ्याने त्यांचा बाक गेला, की गाडी बसते. तलासरीच्या मिस्त्रींनी जादा पाटा सुचविला. गाडी उचलेल, पण रिकामी असताना हादरे देईल, हेही सांगितले. करंड्यांचे दिवस आता सरले होते. मागे बसणार होती आजारी आई. आम्ही जुन्याच पाट्यांना पुन्हा बाक देवविला. गाडी जेमतेम दोन बोटे वर आली. परतताना खड्ड्यापाशी आम्ही आरशात पाहिले. आईचा डोळा लागला होता.