मशिनला पाणी येईना

आम्ही दोघी जावा. नातेपुत्यात एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात अकरा वर्षे नांदतो आहोत. अम्मींना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तेव्हापासून रोज दोन-तीन चादरी आणि तेवढेच गाऊन धुण्याला पडतात. अम्मींची नमाज चुकत नाही. पलंगावर बसून, इशाऱ्याने का होईना, पाचही वेळा पढतात. त्यामुळे कपडे नुसते स्वच्छ दिसून चालत नाही, ते पाक असावे लागतात. खराब झालेली चादर आम्ही आधी वेगळी, वाहत्या पाण्याखाली धुतो आणि मगच मशिनमध्ये टाकतो.

आषाढात माऊलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि जिल्ह्यातला पहिला मुक्काम आमच्या नातेपुत्यात करते. त्या दिवशी वारकऱ्यांसाठी दारात पाण्याची पिंपे भरून ठेवायची, ही आमच्या घरची जुनी रीत. गेल्या आषाढात त्यासाठीच दोन दिवस आधी गच्चीवरची टाकी घासून धुतली. आणि ऐन पालखीच्या दिवशी मशिन रुसले. बटण दाबले की दिवे लागत, बारीक घूंऽऽ असा आवाज येई, पण आत पाण्याचा थेंब नाही. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरे चमकत आणि शिटी वाजे.

मिस्त्रीला फोन केला. तो अकलूजला. म्हणाला, "रस्ते बंद आहेत, ताई. पालख्या पुढे गेल्याशिवाय येणे जमणार नाही. तीन दिवस थांबा. व्हॉल्व्ह गेला असेल, दीड-दोन हजार धरून ठेवा."

तीन दिवस! बाहेर पावसाची भुरभुर, आत चादरींचा ढीग. मग जे व्हायचे तेच झाले. मोठी म्हणाली, "तू तो नळ पिळून पिळून बंद करतेस, त्यानेच बिघडले." धाकटी म्हणाली, "आणि तुम्ही ठासून कपडे भरता, भाभी, ते?" आवाज चढले. जुन्या गोष्टीही निघाल्या. कोण किती धुते, कोण माहेरी किती दिवस राहते, इथपर्यंत गाडी गेली. अम्मींचा पलंग भिंतीपलीकडेच आहे, याचे भान दोघींनाही राहिले नाही.

दुपारी अम्मींनी चहा परत केला. असरला पाणी दिले तर म्हणाल्या, "तहान नाही." मगरिबला पुन्हा तेच. रात्री औषधाच्या गोळीपुरता एक घोट घेतला. तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. चादर भिजू नये, धुणे वाढू नये, म्हणून त्या पाणी पीत नव्हत्या. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि मान खाली घातली. दारात हजारो पाहुण्यांना पाणी पाजणारे घर, आणि घरातली आई तहानलेली.

त्या रात्री इशा पढून झाल्यावर आम्ही मशिनची पुस्तिका काढली. घरातले पुरुष अजून पिंपांपाशीच होते. आधी प्लग काढला, हात कोरडे केले आणि एकेक गोष्ट तपासायला घेतली.

पहिला प्रश्न, नळाला पाणी आहे का? तोटी बंद करून मशिनच्या मागची नळी सोडवली, तिचे तोंड बादलीत धरले आणि तोटी उघडली. पाणी जोरात आले. म्हणजे टाकी, तोटी आणि नळी ठीक. नळी कुठे मुडपलेलीही नव्हती. बादलीतले पाणी फरशी पुसायला ठेवले. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण ऐकतो, पालखीच्या दिवशी ती जास्तच आठवते.

दुसरा प्रश्न दाबाचा. पुस्तिकेत कमीत कमी 0.3 बार दाब लागतो असे लिहिले आहे. दहा मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण 1 बार, म्हणजे पाण्याची पातळी मशिनच्या निदान तीन मीटर वर हवी. आमची टाकी दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आणि मशिन तळमजल्यावर, त्यामुळे ती अडचण नव्हती. पण ज्यांनी मशिन गच्चीवरच टाकीशेजारी ठेवले आहे, त्यांना पाणी कमी येण्याचे कारण बहुधा हेच असते.

तिसरा प्रश्न व्हॉल्व्हचा. त्यात एक विजेचे चुंबक असते. वीज आली की ते पाण्याची वाट उघडते. आमच्या मशिनची घूंऽऽ ऐकू येत होती, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंत वीज पोचत होती. मग पाणी अडते कुठे? नळी जिथे मशिनला जोडतात, तिथे आत डोकावलो तर अंगठ्याएवढी प्लास्टिकची जाळी दिसली. पकडीने हलकेच ओढली. जाळी कसली, मातीची टिकलीच! खाली तांबूस गाळ आणि वर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. टाकी धुताना तळाचा गाळ ढवळला होता. तो पाइपातून खाली उतरून थेट इथे बसला होता. स्वयंपाकघरातल्या नळाला जाळी नाही, म्हणून तिथे काही कळले नाही.

जुन्या ब्रशने जाळी घासली. पांढरा थर निघेना, तेव्हा कोमट पाण्यात लिंबू पिळून अर्धा तास भिजवली. रबरी वॉशर जागेवर बसवला, नळी हातानेच घट्ट केली, गळत नाही हे पाहिले आणि बटण दाबले. पाण्याचा आवाज ऐकून आम्ही दोघी लहान मुलींसारख्या हसलो.

जाळी स्वच्छ असती आणि तरी पाणी आले नसते, तर मात्र मिस्त्रीचीच वाट पाहिली असती. व्हॉल्व्ह आणि विजेच्या तारा उघडणे हे घरच्यांचे काम नव्हे.

दोष ना नळ पिळण्याचा होता, ना कपडे ठासण्याचा. टाकी तर आम्ही दोघींनी मिळूनच धुतली होती. बदगुमानीपासून दूर राहा, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. दोघींनी ती कितीदा वाचली असेल. पण त्या सकाळी एकीलाही आठवली नाही. मोठीने माफी मागितली, धाकटीनेही मागितली. आत जाऊन दोघींनी अम्मींची मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चांगल्या हाताने पेल्याकडे बोट केले. पेलाभर पाणी पिऊन वर म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह. आता अर्धा कप चहा पण करा."

आता टाकी धुतली की आधी मशिनची नळी सोडवून दोन बादल्या पाणी काढतो, मग जाळी पाहतो. आणि अम्मी "तहान नाही" म्हणाल्या, की घरात कोणाचा आवाज चढला होता का, हे आधी एकमेकींना विचारतो.